वीतभर

"वीतभर, इलियास, वीतभर. तिला रंग लागेल."

अण्णासाहेब चौबळ खुर्चीतून न उठताच म्हणाले आणि तालीम थांबली. मी पलंगावर आडवी होते, डोळे मिटलेले. माझा खून होऊन गेला होता. अण्णासाहेबांच्या तालमीत मेलेल्या माणसानं डोळे उघडायचे नाहीत, तालीम थांबली तरी नाही, असा दंडक होता. त्या दिवशी मात्र मी उघडले. इलियासचा हात माझ्या गालाशेजारी हवेत थांबला होता. त्यानं तो मागे घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"कुठला रंग, अण्णासाहेब?"

आधी कुणालाच उमजलं नाही. मग विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या कुमुदवहिनी हसल्या. त्या अण्णासाहेबांच्या पत्नी, आमच्या प्रॉम्प्टर. त्यांच्यामागून सगळेच हसले. अण्णासाहेबही हसले, पण जरा उशिरा.

"सवय रे बाबा. जिभेला वळण पडलंय. आता कुठला रंग! लाव, खुशाल हात लाव."

इलियासनं तो प्रसंग पुन्हा केला. मी डोळे मिटले. गालावर त्याची बोटं टेकली, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या बाईला खरोखर कुणीतरी मारलंय, आणि मारणाऱ्याला आता त्याची लाज वाटतेय.

ही गोष्ट अलिबागची, कुलाबा जिल्ह्याचं नाव अजून बदललं नव्हतं तेव्हाची. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं नाट्यमंडळ स्पर्धेत 'याकूत' करत होतं. एका विलायती शोकांतिकेवरून अण्णासाहेबांच्या वडिलांनी ते रचलं होतं. निजामशाहीतला हबशी सरदार याकूत, त्याच्याशी पळून जाऊन लग्न करणारी अमात्याची मुलगी चंद्रसेना, सरदाराचे कान भरणारा विसाजी, एका हरवलेल्या शेल्यावरून पेटलेला संशय, आणि शेवटी गळा. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, तरी हॉल भरायचा. लोक शेवटच्या प्रसंगासाठी यायचे.

त्या प्रसंगात सत्य कळल्यावर याकूत स्वतःच्या पोटात कट्यार खुपसतो, पलंगाशी कोसळतो, चंद्रसेनेच्या चेहऱ्याकडे हात नेतो, आणि हात वीतभर अलीकडे थांबतो. तिथेच प्राण जातो. पडदा. आधी अण्णासाहेबांचे वडील याकूत करायचे, मग अण्णासाहेब. कित्येक वर्षं. दोघांचाही हात तिथेच थांबायचा. या वीतभर अंतरावर पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी बरंच लिहिलं होतं. प्रेम आणि क्षमा यांच्यातलं अंतर, माणूस आणि त्याचं भाग्य यांच्यातलं अंतर, असं काय काय.

खरं कारण कुमुदवहिनींनी मला पोहे परतता परतता सांगितलं होतं. काजळी, खोबरेल आणि थोडा गेरू असा तो रंग असायचा आणि तो हाताला लागायचा. फार पूर्वी पेणच्या एका प्रयोगात त्यांच्या सासऱ्यांचा हात चंद्रसेनेच्या गालाला लागला, तिथे पाच काळी बोटं उमटली, आणि मरणाच्या प्रसंगाला अख्खं पेण हसलं. त्या दिवसापासून वीतभर.

"मी चंद्रसेना केली तेव्हा हे याकूत," वहिनी म्हणाल्या होत्या. "नवरा-बायको आम्ही. पण गळा दाबताना उशीसुद्धा मला टेकायची नाही. मी आपली एकटीच तडफडायची."

त्या वर्षी अण्णासाहेबांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी स्टेजवर जाऊ नका म्हणून सांगितलं. आणि त्यांनी याकूत इलियासला दिला.

इलियास सिद्दी मूळचा मुरूडचा. अलिबागच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी त्याचं घराणं. "पूर्वज किल्ल्यात राहायचे, मी चाळीत राहतो, भाडं मात्र वेळेवर देतो," असं तो म्हणायचा. दाट कुरळे केस, रुंद कपाळ, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याशीच बोलतोय. धक्क्यावर आलेले पर्यटक त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागायचे. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "काका, बोट सुटायला वेळ आहे, तोवर शहाळं घ्या." ते चपापायचे. कुठले तुम्ही, असं विचारायचे. मुरूडचा, म्हटलं की, "नाही, पण मूळचे?" तो शांतपणे सांगायचा, "मूळचा पण मुरूडचाच. मधे जरा रेवदंड्याला मामाकडे होतो."

मंडळात तो आधीपासून होता. पण त्याला मिळालेल्या भूमिका तो बोटांवर मोजून दाखवायचा. "राक्षस, राक्षस, यमदूत, राक्षस. आणि एकदा द्वारपाल, तोही मुखवटा घालून. अम्मा एकाही नाटकाला आली नाही. म्हणते, तुझं तोंड बघायचं तर घरी येशीलच की. राक्षसाचं तोंड बघायला एसटीचं तिकीट काढू?"

"मग या वेळी?" मी विचारलं होतं.

"या वेळी सांगितलंय तिला. म्हटलं, अम्मा, या वेळी तोंड तुझ्या पोराचंच असणार. शेजारच्या जैनबला घेऊन येतेय. नवीन चप्पल घेतली म्हणे." तो हसला. पुढे त्यानं हसता हसता जे म्हटलं ते मी विसरलेले नाही. "मृदुलाताई, मला बक्षीस नको. तिनं एकदा मला बघावं. एवढंच."

तो मला ताई म्हणायचा. वयानं मोठा असूनही.

प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम झाली, म्हणजे पोशाख, दिवे, सगळं प्रयोगासारखं. तिला घरची माणसं बोलावली होती. माझे बाबा आले. अधिकारी मास्तर म्हटलं की त्या काळी अलिबागेत माणसं उठून उभी राहायची. त्यांच्या शाळेत सगळ्या जातीची मुलं एका पंगतीला बसत. आमच्या घरी कुणासाठीही वेगळी कपबशी नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. मी नाटकात काम करणार म्हटल्यावर नात्यातल्यांनी भुवया चढवल्या, तेव्हा बाबांनीच त्यांना दटावलं होतं.

त्या तालमीत इलियास चेहऱ्याला काहीही न लावता उभा राहिला. डोक्याला मंदील, अंगात अंगरखा, कानात मोती. शेवटी त्याचा हात माझ्या गालाला टेकला आणि तसाच राहिला. पडदा पडल्यावर पहिली टाळी बाबांची होती.

नंतर ते इलियासला आग्रहानं घरी घेऊन आले. आईनं चहा केला, खोबऱ्याची वडी दिली.

"काय वाणी आहे रे तुझी!" बाबा म्हणाले. "कोकणस्थांनी शिकवणी लावावी तुझ्याकडे."

"मास्तर, मीही कोकणस्थच की," इलियास म्हणाला. "चार-पाचशे वर्षं कोकणात राहतोय."

बाबा मोठ्यानं हसले. त्याला फाटकापर्यंत पोचवून आले. मग पायरीवर थोडा वेळ एकटेच बसून राहिले. मी विचारलं, कसं वाटलं नाटक? "चांगलं झालं," ते म्हणाले. "फार खरं वाटतं."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी रंगपटात गेले, तेव्हा अण्णासाहेब पितळेच्या वाटीत काजळी खलत होते.

इलियास आरशासमोर अंगरखा घालून बसला होता. आरशातूनच तो वाटीकडे बघत होता.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"याकूतसाठी," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"अण्णासाहेब," इलियास म्हणाला, "थट्टा करताय ना?"

"दिव्यांखाली तुझा रंग उतरतो. तपकिरी दिसतोस. काल रंगीत तालमीत मी मागून पाहिलं."

"काल तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"आज बोलतोय."

"मी तपकिरीच आहे. मुलांना हेच शिकवतो मी, माणसाचं चित्र काढताना काळ्याची डबी उघडायचीच नाही. काळा माणूस जगात नसतो. जांभळा असतो, करडा असतो, तांब्यासारखा असतो, काळा नसतो."

"इलियास, शाळा नको घेऊस." अण्णासाहेबांचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "ही रीत आहे या नाटकाची. सरदाराचा काळा वेगळा. तो लावलेला दिसावा लागतो. परीक्षकांना दिसावा लागतो, लोकांना दिसावा लागतो. नाटक आहे हे कळावं लागतं."

"मी सरदार नाही हे कळावं म्हणून?"

"तसं म्हण."

"आणि मी सिद्दी आहे, त्याचं काय?"

अण्णासाहेब खलत राहिले. खोबरेलाचा वास खोलीभर झाला होता. मी म्हटलं, "अण्णासाहेब, त्यांची आई येणार आहे. पहिल्यांदा येणार आहे."

"ठाऊक आहे मला." आता त्यांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे. मला ती नजर विचित्र वाटली, एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तशी. "तू जा, मृदुला. वेणी घालून घे. तुला यात पडायचं कारण नाही."

"नाही लावला तर?" इलियासनं विचारलं.

"तर प्रयोग होत नाही. पडदा उघडत नाही. तुझ्या अम्मानं तिकीट काढलंय, तिला रिकामा पडदा दाखव."

इलियासनं मंदील उतरवून मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि चेहरा वर केला. मुलांना औषध पाजताना ती करतात तसा.

अण्णासाहेबांनी स्वतः रंग लावला. कपाळ, गाल, मान, कानामागे, मग हात, कोपरापर्यंत. हळुवार लावला, हे सांगितलं पाहिजे. संपल्यावर ते म्हणाले, "आणि आता वीतभर. लक्षात आहे ना?"

"आहे," इलियास म्हणाला. डोळे उघडले तेव्हा त्या काळ्यात फक्त तेच त्याचे राहिले होते.

पहिले दोन अंक उत्तम झाले. टाळ्या जिथे पडायच्या तिथे पडल्या. मध्यंतरात मी पाणी प्यायला बाजूच्या दाराशी गेले. तिथे माठ होता. माठापाशी एक उंच, ताठ म्हातारी उभी होती. गुलाबी ओढणी डोक्यावरून घेतलेली, पायात कोऱ्या चपला. चेहरा बघताच मी ओळखलं. तेच कपाळ.

"तुम्ही इलियासभाईंच्या अम्मा ना?"

"व्हय." त्यांनी माझे दागिने, शालू सगळं निरखलं. "तू ती सरदाराची बायको ना गो? लय ग्वाड बोलतेस. मला सांग, माजा इलियास कवा येयाचा? अर्धा खेल झाला."

मला हसू आलं. "अम्मा, अहो तेच सरदार! तेच इलियासभाई."

"छ्या!" त्यांनी हात झटकला. "माजी नजर शाबूत हाय. त्यो आमच्यातला नाय. कुनी तरी बामन हाय, काजली फासलेला. मी लगीच वलखला. चालतो बी तसाच, कुनी बघतंय काय म्हनून."

जैनब ओढणीत तोंड लपवून हसली. मी काही बोलणार तोच आतून घंटा झाली आणि अम्मा आपल्या जागेकडे वळल्या. तिसरी रांग, कडेची खुर्ची.

मी वळले. दार अर्धवट उघडं होतं आणि दाराच्या आत इलियास उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आधी तो हसला. अगदी मनापासून, खांदे हलवत हसला. "ऐकलंत ना? बामन म्हणाली मला!" मग हसणं ओसरलं. त्यानं चेहऱ्याकडे हात नेला, आणि हातही रंगवलेला आहे हे आठवून खाली घेतला.

"सांगू का त्यांना पुन्हा?" मी विचारलं.

"नको. तिनं बरोबर ओळखलंय." तो विंगेकडे गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी मेलेली होते.

पुढे माझी हयात वर्तमानपत्रात गेली. पाहिलेलं किंवा दोघांनी वेगवेगळं सांगितलेलं तेवढंच छापायचं, ही शिस्त हाडात मुरली. त्या संध्याकाळचं बाकी सगळं मी छापू शकते. तेवढा शेवटचा प्रसंग दुसऱ्यांच्या डोळ्यांनी गोळा करावा लागला. मी पाच पावलांवर काय, एका श्वासावर होते, आणि पाहिलं नाही.

जे ऐकलं आणि ज्याचा वास आला ते माझं आहे.

याकूतनं समई विझवली. हे नेहमीचंच. मग उशी, वीतभर वर. मी एकटीच तडफडले आणि मेले. दासी आली, किंचाळली, शेल्याचं खरं सांगितलं. विसाजीला धरून नेलं. मग शेवटचं भाषण. "सुलतानाला कळवा, याकूतनं गड घेतले, घोडी मारली, रक्त दिलं. घेतलेलं एकच घर त्यानं राखलं नाही." इथे एक लांब श्वास घ्यायचा असे. इलियासनं श्वास घेतला, आणि पुढचं वाक्य आलं नाही.

समईचा आवाज झाला. पितळेला काहीतरी हलकं लागल्याचा. मग कोमट खोबरेलाचा वास, एकदम जवळून. मग कापड घासल्याचा आवाज. सावकाश, पुन्हा पुन्हा, घासून घासून. मला आधी वाटलं रडतोय. मग कळलं, हा रडण्याचा आवाज नाही.

प्रेक्षागृह इतकं शांत झालं की बाहेरचा माड ऐकू आला.

कुमुदवहिनी विंगेतून बघत होत्या. त्यांनी सांगितलं, त्यानं शेला समईच्या तेलात बुडवला आणि आधी हात पुसले. विसाजीचं काम करणारे दामले म्हणायचे, नाही, आधी चेहरा. एकजण म्हणाला, तो रडत होता. दुसऱ्यानं सांगितलं, तोंड धुवायला बसलेल्या माणसासारखा निवांत होता. एका बाबतीत सगळे जुळतात. तो घाईत नव्हता. काळा उतरत गेला आणि खालून तो स्वतः वर आला, तपकिरी, घामेजलेला, आणि परीक्षकांच्या टेबलावर कुणीतरी पेन्सिल खाली ठेवली.

मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला. तो मी ऐकला.

"अगो जैनब! ह्यो तं माजा इलियास!"

कुणीच हसलं नाही. पेण हसलं होतं, अलिबाग हसलं नाही.

इलियासनं उरलेलं भाषण म्हटलं. एक शब्द गाळला नाही, एक बदलला नाही. कट्यार. गुडघे फळीवर आपटले. तो पलंगाशी कोसळला. त्याचा श्वास माझ्या कानाशी आला. आता हात येणार आणि थांबणार, हे मला ठाऊक होतं.

हात थांबला नाही. गालावर टेकला. पूर्ण तळवा. कोरडा होता, शेल्याच्या कोरड्या टोकानं त्यानं तो मुद्दाम कोरडा केला असणार. आणि पडद्याची दोरी करकरायला लागली तेव्हा तो कुजबुजला. नाटकात नसलेलं वाक्य.

"पुसलाय, ताई. नीट पुसलाय. घाबरू नका."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. याला दुसरा साक्षीदार नाही.

रंगपटात गर्दी होती, पण गलका नव्हता. लोक दाराशी येत, आत डोकावत आणि आल्या पावली मागे जात. अम्मा आत आल्या. कुणाची परवानगी न घेता त्यांनी इलियासला स्टुलावर बसवलं, त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, आणि ओढणीच्या टोकाला थुंकी लावून त्याच्या कानामागे पुसायला लागल्या.

"हिकडं ऱ्हायलंय. आणि हिकडं. शिकलेला मानूस तू, कान बी नीट पुसता येत नाय?"

"अम्मा, सगळे बघतायत."

"बघू दे. बघायलाच आलेत न्हवं?"

तो हसला. मी त्याच्याकडे बघून हसणार होते, इतक्यात बाबा आले.

ते थेट माझ्याकडे आले. कसं झालं, दमलीस का, काही नाही. त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि माझा गाल आरशावरच्या दिव्याकडे वळवला. अम्मांनी इलियासचा वळवला होता तसाच. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"लागला नाहीये, मास्तर," अण्णासाहेब कोपऱ्यातून म्हणाले. वाटी अजून त्यांच्या हातात होती. "मी तुमचा शब्द पाळला. आज सकाळी तुम्ही येऊन सांगितलंत, रंग लावा, अंतर ठेवा, नाहीतर मुलगी उभी राहणार नाही. मी लावला. पाळायचं ते मी पाळलं."

बाबांनी माझा गाल आणखी दिव्याकडे वळवला.

"त्यानं पुसला," अण्णासाहेब म्हणाले, "पण पोरीला काही लागलं नाही हो. बघा ना. काही नाही तिथे."

कुमुदवहिनी पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या. त्या हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यांच्या हाताला तरी खरोखर काजळी असायची."

इलियासची पाठ आमच्याकडे होती. ती हलली नाही. अम्मांचा हात थांबला होता. त्या बाबांकडे बघत होत्या, जशा मघाशी माझ्याकडे बघत होत्या, निरखून, ओळखून घेत.

बाबांनी माझी हनुवटी सोडली. आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात फळा पुसायला सांगतानाचा, मऊ.

"मृदू, तोंड धू. साबणानं."

मोरी रंगपटाच्या मागे होती. एक नळ, वर एक पारा उडालेला आरसा, खिळ्याला दोरीनं टांगलेली साबणाची वडी. मी कडी लावली. बाबा दारापलीकडे उभे राहिले. त्यांची चप्पल मला फटीतून दिसत होती. पाण्याचा आवाज ऐकल्याखेरीज ते हलणार नव्हते.

मी नळ पूर्ण सोडला. बादलीत पाणी धो धो पडायला लागलं. मी हात पाठीमागे धरले आणि आरशात बघत उभी राहिले. चप्पल हलेपर्यंत.

इलियासनं पुढच्या सत्रात मुरूडला बदली करून घेतली. नाटकात तो परत आला नाही. मी चंद्रसेना परत केली नाही. अण्णासाहेब गेल्यावर दुसऱ्या कुणी 'याकूत' बसवलं, रंग लावून. त्याचं परीक्षण माझ्याच टेबलावर आलं. त्या वीतभर अंतराला समीक्षकानं पुन्हा एकदा नियती म्हटलं होतं. मी ते वाक्य काढलं. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, जागा नाही.

डोळे मिटले की अजून कापड घासल्याचा तो आवाज येतो, सावकाश, पुन्हा पुन्हा. मग मी मोरीतल्या त्या आरशासमोर असते, पाणी वाहत असतं, आणि मी गाल दिव्याकडे वळवून बघते, बाबांनी बघितला तसा.

गालावर काहीच नसतं. तेच मला दिसत राहतं.